रोगाचा पत्ता

बाळकुममध्ये पत्ता सांगण्याच्या निदान तीन तऱ्हा आहेत. जुन्या गावातला माणूस पाड्याचा नंबर सांगतो. चाळीतला माणूस देवळापासून सुरुवात करतो: देवळाच्या मागे, डावीकडची गल्ली, वाण्याच्या दुकानाला लागून. आणि अलीकडे उभ्या राहिलेल्या टॉवरमधला माणूस संकुलाचं इंग्रजी नाव, विंग आणि फ्लॅट नंबर सांगून मोकळा होतो. त्याच्या पत्त्यात ‘ठाणे पश्चिम’ असतंच. ‘बाळकुम’ असेलच असं नाही. कुरिअरवाल्याचं यात काही अडत नाही, तो फोन लावतो. अडतं ते या तिघांच्या तापाचा एकच नकाशा काढायला बसलेल्या माणसाचं.

आजारी माणसाच्या केसपेपरवर नावाखाली पत्त्याची एक ओळ असते. रोगांचा भूगोल म्हणून जे शास्त्र आहे, ते सगळं त्या एका ओळीवर उभं आहे. ठिपके कुठे दाटले, ते नाल्याच्या काठाने आहेत की बांधकामाभोवती, दवाखाना त्यांच्यापासून किती लांब, हे पाहायचं आणि मग विचारायचं: इथेच का? मराठीत याला ‘अवकाशीय विश्लेषण’ असा शब्द रूढ झालाय. ऐकणाऱ्याला वाटावं, इस्रोचंच काही काम असणार. प्रत्यक्षात हा जागेचा हिशेब आहे, आणि तो संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे.

या हिशेबाची गोष्ट सांगताना सगळे लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटपासून सुरुवात करतात. १८५४च्या ऑगस्टअखेरीस सोहो भागात पटकी उसळली, सहाशेहून अधिक माणसं गेली, डॉ. जॉन स्नो यांनी घराघरातले मृत्यू नकाशावर मांडले आणि त्या गर्दीच्या मध्यावर एक हातपंप निघाला. पंपाचा दांडा काढला, साथ थांबली. शाळेच्या पुस्तकात शोभेल अशी ही गोष्ट आहे, म्हणूनच ती थोडी खोटी आहे. दांडा काढला ८ सप्टेंबरला, तेव्हा साथ उतरणीला लागलेली होती. प्रसिद्ध नकाशाही नंतर छापला गेला. स्नोंना पंपाचा संशय नकाशा पाहून आला नव्हता. पटकी पाण्यातून पसरते हे ते काही वर्षं आधीपासून म्हणत होते.

नकाशापेक्षा जास्त शिकवून जातात ती त्यातली न जुळणारी घरं. पंपाच्या अगदी जवळ एक दारूभट्टी होती, तिथले कामगार वाचले. ते बिअर प्यायचे आणि भट्टीची स्वतःची विहीर होती. शेजारच्या अनाथालयवजा वर्कहाऊसमध्ये पाचशेहून अधिक माणसं, मेली फक्त पाच. तिथेही विहीर वेगळी. आणि दूर हॅम्पस्टेडला, जिथे पटकीचा मागमूस नव्हता, तिथे एक म्हातारी बाई पटकीने गेली. तिचा पत्ता हॅम्पस्टेडचा, पण पाणी ब्रॉड स्ट्रीटचं. त्या पंपाच्या पाण्याची चव तिला आवडायची म्हणून ते रोज गाडीतून तिच्याकडे जायचं. नकाशावर ती एकटी, कोपऱ्यात पडलेला ठिपका. तिच्याच मृत्यूने स्नोंचा मुद्दा सर्वांत पक्का केला. रोग्याचा पत्ता आणि रोगाचा पत्ता वेगळे असू शकतात, हे तेव्हाच दिसलं होतं.

स्नोंनी आणखी एक गोष्ट केली, तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. नंतरच्या नकाशात त्यांनी एक तुटक रेषा काढली: या रेषेच्या आत राहणाऱ्याला चालत जायला ब्रॉड स्ट्रीटचाच पंप सर्वांत जवळचा. अंतर मोजलं ते फूटपट्टीने नव्हे, गल्ल्यांतून चालत.

मुंबईला असा हिशेब करण्याची पाळी आली ती प्लेगने. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रुग्ण ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसांनी शहर सोडलं आणि ती बहुतेक रेल्वेनेच गेली. त्यामुळे कल्याणला अचानक वेगळंच महत्त्व आलं. पुण्याकडे आणि नाशिककडे जाणाऱ्या वाटा जिथे फुटतात त्या जंक्शनवर उतारूंची तपासणी होऊ लागली. कल्याणकरांना आपलं स्टेशन सोयीचं वाटतं ते ज्या कारणासाठी, त्याच कारणासाठी ते साथीच्या वाटेवरचं नाकं होतं.

सरकारचा पहिला नकाशा भिंतीवर काढलेला होता. ज्या घरात प्लेगचा मृत्यू झाला त्यावर लाल वर्तुळ. मुंबईच्या त्या काळच्या छायाचित्रांत चाळींच्या भिंतींवर अशी वर्तुळं दिसतात. रोग जागेला चिकटलेला आहे, जागा धुतली, चुना लावला, कौलं उचलली, माणसं हलवली की संपेल, असा त्यामागचा समज होता. घरझडत्यांच्या त्या सक्तीने पुण्यात काय घडलं ते मराठी वाचकाला सांगायला नको. २२ जून १८९७ ही तारीख पुरेशी आहे. गंमत अशी की गावोगावच्या लोकांना याहून नेमकं काही तरी कळलं होतं. ‘उंदीर पडले’ की गाव सोडायचं आणि माळावर झोपड्या घालून राहायचं. उंदीर आधी, माणूस नंतर, हा क्रम त्यांनी हेरला होता. का, ते सांगता येत नव्हतं इतकंच.

ते ‘का’ सुटलं परळला. गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात प्लेग संशोधनाची प्रयोगशाळा होती. १९२५पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. १८९८मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत पिसवांकडे बोट दाखवलं होतं, पण फारसं कुणी मानलं नव्हतं. १९०५पासून प्लेग संशोधन आयोगाने तो प्रश्न नीट हाती घेतला आणि त्यासाठी चार जागा निवडल्या: शीव, वडाळा, परळ आणि वरळी. ही तेव्हा खेडीच होती, घरं सुटी सुटी, मोजता येण्याजोगी. पडलेले उंदीर गोळा करायचे, कुठे सापडला ते लिहायचं, त्यात प्लेग आहे का ते तपासायचं, आणि शेजारी त्या त्या घरातल्या माणसांच्या आजारपणाच्या तारखा मांडायच्या. यातून नुसता नकाशा नव्हे, सरकणारा नकाशा तयार झाला. आधी गटारातला मोठा तपकिरी उंदीर मरतो, मग साधारण दहा दिवसांनी घरातला काळा उंदीर, आणि त्यानंतर दीड-दोन आठवड्यांनी त्या घरातला माणूस. रोग गटारातून माळ्यावर आणि माळ्यावरून अंथरुणात येत होता.

त्याच आयोगाचा एक प्रयोग तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्लेगची पिसवं असलेल्या खोलीत गिनीपिग ठेवले: एक जमिनीवर, एक जमिनीपासून दोन इंच वर टांगलेला, एक दोन फूट वर. खालच्या दोघांना प्लेग झाला, दोन फुटांवरचा वाचला. पिसूची उडी जेवढी, तेवढाच त्या खोलीतला धोका. हवा तिघांना एकच होती, म्हणजे ‘दूषित हवा’ हे उत्तर गेलं. जागेचा हिशेब इंचात केला तेव्हा शंभर घरं जाळूनही सुटलं नसतं ते कोडं सुटलं.

पाठोपाठ हिवताप. १९११मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाच्या कारणांचा अहवाल दिला. शहराला विहारचं नळाचं पाणी १८६०पासून मिळत होतं, तरी घरोघरच्या विहिरी टिकून होत्या. बेंटलींनी मुलांच्या वाढलेल्या पानथऱ्या आणि विहिरींतल्या अळ्या यांची सांगड घातली. गुन्हेगार निघाला ॲनोफिलीस स्टेफेन्साय, दलदलीऐवजी विहिरीत, टाकीत, हौदात रमणारा डास. उपाय सोपा होता: विहिरी बुजवा किंवा डासबंद झाका. शहर मात्र सोपं नव्हतं. पारशी आणि हिंदू घरांत विहिरीला धार्मिक स्थान होतं, पाण्यावर उजेड पडायला हवा होता. मोठा वाद झाला, आणि काही ठिकाणी जाळीची झाकणं, सरकती दारं असे मधले मार्ग निघाले. चर्चगेटजवळची १७२५ची भिखा बेहराम विहीर आजही आहे. रोगाचा नकाशा काढणाऱ्याच्या हाती डासांची जागा लागते, पण ती कुणाची तरी श्रद्धेची जागाही असते.

हाच स्टेफेन्साय आता विहिरी सोडून बांधकामावर राहायला आलाय. स्लॅबवर साठवलेलं पाणी, तळघराचा खड्डा, लिफ्टचा खड्डा, मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांबाहेरची पिंपं. मुंबईत २०१०मध्ये हिवतापाचे सुमारे ७६ हजार रुग्ण नोंदले गेले, तेव्हा गिरण्यांच्या जागी टॉवर उठत असलेला लोअर परळ-वरळीचा पट्टा सतत चर्चेत होता. त्या दृष्टीने बाळकुमकडे पाहायला हवं. एका बाजूला खाडी आणि खारफुटी, दुसऱ्या बाजूला कोलशेत रस्ता. या रस्त्यावर एके काळी रसायनांचे आणि औषधांचे कारखाने होते. ‘सँडोझ बाग’ हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. कारखाने गेले, संकुलं आली, आणि मेट्रो पाचचे खांब बाळकुम नाक्यावरून कशेळीकडे निघाले. आगरी-कोळी गाव, कारखान्यांचं उपनगर आणि टॉवरांचं शहर असे बाळकुमचे तीन थर एकमेकांत मिसळलेले आहेत. पत्त्याच्या तीन तऱ्हा आल्या त्या इथून.

आता नकाशा काढणाऱ्याची खरी अडचण. ठिपके मिळाले, पण ते कशाला भागायचे? पन्नास रुग्ण हा आकडा मोठा की छोटा, हे तिथे पाच हजार माणसं राहतात की पन्नास हजार यावर ठरतं. २०११च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार होती, कल्याण-डोंबिवलीची साधारण साडेबारा लाख. २०२१ची जनगणना कोविडमुळे लांबली. म्हणजे टॉवर उठायच्या आधीच्या माणसांनी टॉवरनंतरच्या तापाला भागायचं. अशा भागाकारात वाढलेली वस्ती आजारी दिसते आणि ओसरलेली वस्ती ठणठणीत. संगणकावर काढलेल्या रंगीत नकाशात हा दोष दिसत नाही, उलट लाल रंग जितका गडद तितका तो खरा वाटतो.

आणि भाजक बरोबर असला तरी सीमा? ठाणे जिल्ह्याइतकं चांगलं उदाहरण देशात क्वचित मिळेल. २०११ला हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, १ कोटी १० लाखांहून अधिक माणसं. त्या एका आकड्यात नौपाड्यातला डॉक्टर होता आणि मोखाड्यातलं कुपोषित मूलही होतं. १९९२मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालकांचे मृत्यू झाले तेव्हा राज्य हादरलं, पण जिल्ह्याच्या सरासरीत तो डोंगरपट्टा बुडून जात असे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. जव्हार-मोखाडा जागचे हलले नाहीत, तिथल्या पोरांचं वजनही त्या रात्रीत बदललं नाही. पण कागदावर ठाणे एकाएकी सुधारलं आणि पालघर देशाच्या नजरेत आलं. शहापूर, मुरबाड ठाण्यातच राहिले, म्हणजे सरासरीत बुडण्याची पाळी आता त्यांची.

डोंबिवलीच्या आजूबाजूच्या २७ गावांची कथा याहून विनोदी आहे. कल्याण-डोंबिवली महापालिका झाली तेव्हा गावं आत, २००२मध्ये बाहेर, जून २०१५मध्ये पुन्हा आत, २०२०मध्ये त्यातली १८ बाहेर काढायचा निर्णय, आणि तो उच्च न्यायालयाकडून रद्द. या गावांतल्या डेंग्यूचा वीस वर्षांचा आलेख कुणी काढायला घेतला तर त्याला आधी डासांऐवजी शासन निर्णयांचा अभ्यास करावा लागेल.

सीमा जितकी लहान तितकं खरं चित्र, असं म्हणावं तर तेही पुरत नाही. जुलै २०२०मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्तातल्या प्रतिपिंडांची पाहणी झाली. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांना कोविड होऊन गेल्याचं दिसलं, त्याच प्रभागांतल्या इमारतींत १६ टक्के. एकच प्रभाग, एकच अधिकारी, एकच रंग. मधे फक्त एक भिंत. एकाच स्वच्छतागृहाला जाणाऱ्या शंभर माणसांचा आणि स्वतंत्र फ्लॅटमधल्या चौघांचा पिनकोड एक असतो.

खालून वरपर्यंतचं अंतर तर नकाशावर उमटतच नाही. गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत क्षयरोगाचा अभ्यास झाला आहे. इमारती एकमेकींना इतक्या खेटून, की दोहोंमधलं अंतर तीनेक मीटर. अभ्यासात दिसलं की ऊन आणि वारा जिथे पोचत नाही त्या खालच्या मजल्यांवर क्षयाचा भार जास्त. सर्वांचा पत्ता तोच, पण पहिल्या आणि सातव्या मजल्यावरचं आभाळ वेगळं. ते दोन इंच आणि दोन फूट पुन्हा आठवावेत. ठाण्यात समूह विकास योजना किसननगरपासून सुरू झाली आहे. तिच्या आराखड्यांत दोन इमारतींमधल्या अंतराकडे बिल्डरइतक्याच बारकाईने क्षयरोगतज्ज्ञानेही पाहिलं, तर जागेच्या हिशेबाचा काही उपयोग झाला म्हणता येईल.

रोग कुठे आहे याच्याइतकाच प्रश्न उपचार कुठे आहे हा. बाळकुमची ओळख साऱ्या जिल्ह्याला झाली ती त्यामुळेच. साकेत-बाळकुम भागातल्या ग्लोबल हब इमारतीत काही आठवड्यांत १,०२४ खाटांचं कोविड रुग्णालय उभं राहिलं आणि १७ जून २०२० रोजी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. जागा मिळाली म्हणून ते तिथे झालं असेल, पण नकाशावर ती जागा चांगली पडली: मुंबई-नाशिक महामार्ग हाकेवर, कळवा जवळ, कशेळीच्या पुलापलीकडे भिवंडी.

त्याच नकाशाची दुसरी बाजू ऑगस्ट २०२३मध्ये दिसली. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. त्यावर जे राजकारण आणि चौकशी व्हायची ती झाली. रोगांच्या भूगोलाला रस आहे तो मृतांच्या पत्त्यांत: ठाणे शहराबरोबर कल्याण, शहापूर, भिवंडी, उल्हासनगर. शहापूर कळव्यापासून पन्नासेक किलोमीटर लांब. महापालिकेचं रुग्णालय कागदावर शहरासाठी असतं, प्रत्यक्षात त्याचं पाणलोट क्षेत्र जिल्हाभर पसरलेलं असतं. धरणात पाणी किती येणार हे पाऊस कुठे कुठे पडतो त्यावर मोजतात. खाटांचा हिशेब मात्र हद्दीपुरता.

अंतरही फूटपट्टीचं नव्हे, हे खाडीकाठच्या माणसाला वेगळं शिकवायला नको. बाळकुमच्या किनाऱ्यावरून पलीकडचा भिवंडी तालुका दिसतो, पण रुग्णवाहिकेला कशेळीचा पूल गाठावा लागतो आणि गोदामांचे कंटेनर आडवे आले की मिनिटं कुठल्या कुठे जातात. मोठागाव-माणकोली पूल होईपर्यंत डोंबिवलीकराला ठाणे गाठायला कल्याण किंवा शीळफाट्याचा वळसा होता. असा एक पूल झाला की दवाखान्यांचा नकाशा पुन्हा काढावा लागतो.

शहराबाहेर हा हिशेब आणखी वेगळा होतो. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात २०१६मध्ये माकडतापाची साथ आली. त्याआधीच्या वर्षी सीमेपलीकडे गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात. हा रोग गोचिडींमुळे पसरतो आणि माकडं त्यात आधी मरतात. म्हणून जंगलात किंवा काजूच्या बागेत मेलेलं माकड दिसलं की त्याची नेमकी जागा कळवायची, आणि भोवतीच्या पन्नास फुटांत कीटकनाशक भुकटी मारायची. उंदीर पडल्यावर गाव सोडणाऱ्यांची जी जाण होती तीच इथे सरकारी सूचनेत आली.

इतका नेमका पत्ता हाती असणं धोक्याचंही आहे. लाल वर्तुळांनंतर सव्वाशे वर्षांनी कोविडमध्ये इमारतींवर फलक लागले, वस्त्यांभोवती बांबू बांधले गेले, आणि कोण ‘पॉझिटिव्ह’ हे सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर आधी कळू लागलं. या बाबतीत मुंबईतल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे पाहण्यासारखं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी ती करते. त्या पाहणीतल्या वस्त्यांचे उपग्रहावरून घेतलेले अक्षांश-रेखांश संशोधकांना देताना ते मुद्दाम चुकवलेले असतात: शहरी ठिपका दोन किलोमीटरपर्यंत कुठेही सरकवलेला, ग्रामीण बहुतेक वेळा पाच किलोमीटरपर्यंत. कुणाच्या घरात काय आजार, हे कळू नये म्हणून. बाळकुममधली एखादी वस्ती अशी सरकली तर तिचा ठिपका खाडीतही पडेल.

शिवाय हॅम्पस्टेडची म्हातारी अजून आहेच. डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो आणि जन्मल्या जागेपासून शे-दोनशे, फार तर चारशे मीटर जातो. डोंबिवलीत ताप नोंदवलेला माणूस सकाळी सातला घर सोडतो आणि रात्री नऊला परततो. दिवसाउजेडी तो ठाण्यात, घाटकोपरला नाही तर लोअर परळला असतो. तापाची बातमी येताच धूरफवारणीची गाडी मात्र त्याच्या डोंबिवलीतल्या बिल्डिंगखाली येते, कारण केसपेपरवर पत्ता तोच आहे. हिवतापाच्या तपासणीत बाहेरगावच्या प्रवासाची चौकशी होते. पण रोजचं येणं-जाणं हा प्रवास आहे, असं उपनगरी माणसाला वाटत नाही आणि विचारणाऱ्यालाही सुचत नाही. पत्त्याखाली ‘दिवसा कुठे असता?’ असा एक रकाना वाढवला तरी बरंच काही उलगडेल. अर्थात त्यात एखाद्या डोंबिवलीकराने ‘सकाळची फास्ट, मधला डबा’ असं लिहिलं, तर ठिपका कुठे टाकायचा हे रेल्वेला विचारावं लागेल.